आई-बाबांसोबत श्रीलंकेतली जुनी शहरं बघताना: क्रम, वेळा आणि अनवाणी पावलं

विचारलं आहे ते थोडक्यात असं. आई-बाबा सत्तरीचे आहेत. दोघांचं चालणं ठीक आहे, पण जिना उतरताना बाबांचे गुडघे दुखतात. हातात नऊ रात्री आहेत. समुद्रकिनारे आणि सफारी नकोत, जुन्या राजधान्या, लेणी आणि संग्रहालयं बघायची आहेत. टूरवाल्याने कँडीत मुक्काम ठेवून एका दिवशी सिगिरिया-दंबुल्ला आणि दुसऱ्या दिवशी अनुराधापूर-पोलोन्नरुवा असा बेत दिला आहे. तो घ्यावा का?

घेऊ नका. कँडी ते अनुराधापूर साधारण १४० किलोमीटर आहे. नकाशावर हे अंतर मुंबई-पुण्याएवढं वाटतं, पण रस्ता दुपदरी, वस्तीतून जाणारा आणि सुरुवातीला घाटाचा, त्यामुळे साडेतीन ते चार तास लागतात. तिथून पोलोन्नरुवा आणखी शंभरेक किलोमीटर, आणि मग कँडीला परत. दिवसाचे नऊ-दहा तास गाडीत जातात आणि दोन्ही शहरं भर दुपारच्या उन्हात पदरी पडतात. त्यातून पवित्र जागी अनवाणी फिरायचं असतं. बाराच्या सुमाराला तापलेल्या दगडी फरशीवर सत्तरीची माणसं दहा पावलंसुद्धा चालू शकत नाहीत. मग सगळं बाहेरूनच बघून परत फिरावं लागतं.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. शहरं इतिहासाच्या क्रमाने बघा, आणि प्रत्येक शहर अर्ध्या-अर्ध्या दिवसात वाटून घ्या. आधी अनुराधापूर, मग सिगिरिया, मग पोलोन्नरुवा, मग कँडी, मग गॉल आणि शेवटी कोलंबो. नकाशावरही हा क्रम एका ओळीत बसतो, उलटसुलट फेऱ्या होत नाहीत. नऊ रात्री अशा वाटा: अनुराधापूर २, हबरण किंवा सिगिरिया गावात ३, कँडी २, गॉल १, कोलंबो १. विमान सकाळी उतरणारं असेल तर कातुनायके विमानतळावरून थेट अनुराधापूरला निघा, साडेचार-पाच तास लागतील. कोलंबोत शिरायचं कारण नाही, विमानतळ शहराच्या उत्तरेलाच आहे. विमान रात्री उतरत असेल तर पहिली रात्र नेगोंबोत काढा, विमानतळापासून ते अगदी जवळ आहे. त्या बदल्यात हबरणची एक रात्र कमी करा.

महिना कोणता निवडायचा, हा प्रश्न आपल्या शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांवर सोडू नका. बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल आणि कँडीकडे. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा पाऊस अनुराधापूर, पोलोन्नरुवा या उत्तर-पूर्वेच्या भागात. म्हणजे डिसेंबरच्या सुट्टीत गॉल सुंदर, पण सिगिरियाच्या पायऱ्या ओल्या. मेमध्ये सिगिरिया कोरडं, पण ऊन भाजून काढणारं, आणि गॉलला पाऊस. फेब्रुवारी-मार्च या दोन महिन्यांत दोन्हीकडे हवा बरी असते. सोबत ज्येष्ठ माणसं असताना मी यांशिवाय दुसरा महिना सुचवणार नाही.

तिकिटं काढण्याआधी पंचांग उघडा. प्रत्येक पौर्णिमेला तिथे पोया म्हणतात आणि ती सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी संग्रहालयं बंद असू शकतात, देवस्थानांत प्रचंड गर्दी होते, दारू आणि मांसाची विक्री थांबते. मेमधली वेसाक आणि जूनमधली पोसोन या सर्वांत मोठ्या पौर्णिमा. पोसोनला अशोकाचा मुलगा महेंद्र बौद्ध धर्म घेऊन लंकेत आला अशी श्रद्धा आहे, त्यामुळे अनुराधापूर आणि मिहिंतले भाविकांनी ओसंडून वाहतात. तो सोहळा बघायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण अवशेष शांतपणे बघायचे असतील तर त्या आठवड्यात जाऊ नका. पौर्णिमा तुमच्या नऊ दिवसांत येतच असेल तर तो दिवस प्रवासाला ठेवा.

अनुराधापूर. इ.स.पूर्व चौथ्या शतकापासून इ.स.च्या दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही राजधानी होती. चोळांच्या स्वाऱ्यांनंतर सत्ता पोलोन्नरुवाला गेली. अवशेष कित्येक किलोमीटरवर पसरले आहेत, पायी होत नाही. गाडी बहुतेक ठिकाणांच्या जवळ जाते. लहान वाटांसाठी अर्ध्या दिवसाची रिक्षा ठरवली की बाबांना प्रत्येक ठिकाणी चढ-उतार करणं सोपं जातं. पहिल्या संध्याकाळी चारनंतर श्रीमहाबोधी वृक्ष आणि रुवनवेलिसाय स्तूप करा. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या वृक्षाची फांदी आणली आणि इ.स.पूर्व २८८ मध्ये ती इथे लावली गेली अशी परंपरा आहे. लागवडीची नोंद असलेला जगातला सर्वांत जुना वृक्ष म्हणून तो ओळखला जातो. वृक्षापासून स्तूपापर्यंत सपाट वाट आहे. मध्ये लोहप्रासादाचे सोळाशे दगडी खांब दिसतात. चप्पल लवकर काढावी लागते आणि बरंच अंतर अनवाणी जावं लागतं. जाड सुती मोजे चालतात, सगळ्यांनी दोन-दोन जोड ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, शक्यतो पांढरे कपडे. डोक्यावरची टोपी काढायची. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. हा शिष्टाचार तिथे फार गंभीरपणे पाळला जातो.

दुसऱ्या सकाळी साडेसहाला निघून जेतवनाराम आणि अभयगिरी. जेतवनारामाचा स्तूप महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. गिझाच्या दोन पिरॅमिडांनंतर त्या काळच्या जगातली ही सर्वांत उंच वास्तू. आज ७१ मीटर उरली आहे. नऊ कोटींहून जास्त विटा लागल्या असा अंदाज आहे. तिकडे स्तूपाला दागोबा किंवा दागबा म्हणतात, मूळ शब्द धातुगर्भ. आपल्या लेण्यांतल्या स्तूपांसाठी जुन्या मराठी लिखाणात आलेला दागोबा तो हाच.

अभयगिरीच्या परिसरात घाई करू नका. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान लंकेत दोन वर्षं होता. इथल्या मूर्तीपुढे कुणी व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी रेशमी पंखा बघून आपल्याला मायदेशाच्या आठवणीने रडू आलं असं त्याने लिहून ठेवलं आहे. इथेच जुळी तळी आहेत, कुट्टम पोकुण, एक सुमारे ४० मीटर लांब आणि दुसरं २८. लहान तळ्याच्या कडेला खाली वाकून बघा. पाणी थेट तळ्यात येत नाही. आधी दगडी कुंड्यांत थांबतं, गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी मकरमुखातून आत पडतं. हे दाखवल्याशिवाय दिसत नाही आणि बहुतेक गट तळ्याचा फोटो काढून निघून जातात.

आता ज्या एका दगडासाठी मी हा सगळा क्रम धरून बसतो, ती चंद्रशिला. देवळाच्या किंवा विहाराच्या पायरीपुढची अर्धवर्तुळाकार शिळा, आपल्याकडच्या जुन्या शिवमंदिरांपुढेही असते. सिंहलीत तिला संदकड पहण म्हणतात. अभयगिरीजवळ ‘महासेनाचा राजवाडा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी (प्रत्यक्षात ते भिक्खूंचं निवासस्थान आहे) तिचा सर्वांत देखणा नमुना आहे. बाहेरून आत बघत जा. कडेला ज्वाळांचा पट्टा. मग एकाच पट्ट्यात हत्ती, घोडा, सिंह आणि बैल एकामागोमाग चालतात. त्याच्या आत वेल, मग चोचीत कमळाचा देठ धरलेले हंस, आणि मध्यभागी अर्धं कमळ. हत्तीच्या पायांचा ठेका आणि घोड्याच्या पायांचा ठेका वेगळा आहे, ते बसून बघण्यासारखं आहे. याचा जवळून फोटो काढून ठेवा. तीन दिवसांनी पोलोन्नरुवाच्या वटदागेसमोर, म्हणजे गोल स्तूपगृहासमोर, उभे राहाल तेव्हा तो उघडा. तिथे प्राण्यांना स्वतंत्र पट्टे मिळालेले आहेत आणि बैल गायब आहे. मधल्या काळात चोळांचं राज्य होऊन गेलं होतं. नंदीवर पाय पडू नये म्हणून तो वगळला गेला, असं अभ्यासक साधारणपणे सांगतात. दीडशे पानं वाचून जे ध्यानात राहत नाही ते या दोन दगडांत कळतं. पण आधी पोलोन्नरुवा बघितलं तर बैल नसल्याचं लक्षातच येत नाही.

मिहिंतले अनुराधापूरपासून १२ किलोमीटर आहे. एकूण १८४० पायऱ्या म्हणून घाबरू नका. गाडी अर्ध्या उंचीवरच्या वाहनतळापर्यंत जाते, तिथून अंबस्थल स्तूपापर्यंत मोजक्या पायऱ्या राहतात. आराधना गल नावाचा सुळका बाबांनी टाळावा. खडकात खोदलेल्या अरुंद खाचा आहेत, रेलिंग आहे, पण उतरताना गुडघ्यावर सगळा भार येतो. पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष आहेत. त्यात माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी डोणी आहे. रुग्णाला औषधी तेलात किंवा काढ्यात झोपवण्यासाठी ती वापरत. आईंना ती नक्की दाखवा.

अनुराधापूरहून सिगिरियाकडे जाताना सरळ हमरस्ता न घेता कलावेवमार्गे अवुकनला जा. सुमारे बारा मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती एकाच खडकातून कोरली आहे. मूर्ती पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचा. नंतर चेहऱ्यावर सावली येते. कलावेव हा तलाव धातुसेन राजाने बांधला. तिथून अनुराधापूरला पाणी नेणारा ८७ किलोमीटरचा कालवा त्याच काळातला आहे. पहिल्या टप्प्यात त्याला किलोमीटरमागे वीतभरही उतार नाही, आणि तो आजही वाहतो. धातुसेनाला मारून त्याचा मुलगा काश्यप राजा झाला. खजिना कुठे आहे असं विचारल्यावर बापाने या तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं, अशी कथा वंसग्रंथांत, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली बखरींत, आहे. सिगिरिया बांधणारा तो हाच काश्यप. बापाचा तलाव बघून मुलाच्या किल्ल्याकडे जाण्यासारखा दुसरा रस्ता नाही.

सिगिरियाबद्दल नीट बोलायला हवं, कारण बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न इथेच येतो. खडक सभोवतालच्या जमिनीपासून सुमारे २०० मीटर उंच, पायऱ्या अंदाजे बाराशे. काश्यपाचा काळ इ.स. ४७७ ते ४९५. वाट टप्प्याटप्प्याची आहे. पहिली जलोद्यानं, अगदी सपाट. मग शिळांची बाग, इथून दगडी पायऱ्या सुरू. मग कड्याला लावलेले लोखंडी जिने आणि चित्रांकडे नेणारा गोल जिना. मग आरशाची भिंत, पुढे सिंहाच्या पंजांचं पटांगण, आणि तिथून शेवटची लोखंडी चढण. परत फिरायचं असेल तर निर्णय शिळांच्या बागेत घ्या. गोल जिन्याच्या रांगेत एकदा शिरलं की मागे वळायला जागा नसते, बसायलाही नसते. मी बाबांना जलोद्यानं आणि शिळांच्या बागेपर्यंतच नेईन आणि मग प्रवेशाजवळच्या संग्रहालयात बसवीन. तिथे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि त्या डोळ्यांच्या उंचीवर बघता येतात. तुम्ही वर जाऊन या. खाली-वर मिळून अडीच-तीन तास धरा.

वेळ सकाळची, दार उघडतं तेव्हाची. ती बदलत असते, आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. चित्रं आणि आरशाची भिंत खडकाच्या पश्चिम अंगाला आहेत, म्हणून सकाळी तो सगळा चढ सावलीत असतो. दुपारी तोच कडा तव्यासारखा तापतो. चित्रांचे फोटो काढायला सक्त मनाई आहे. १९६७ मध्ये कुणीतरी त्यांच्यावर रंग फासला होता, त्यामुळे पहाऱ्याकडे तक्रारीच्या नजरेने बघू नका. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी ज्याने पाहिली आहेत त्याने इथे थोडं थांबावं. दोन्ही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. अजिंठ्यात माणसांनी भरलेले प्रसंग आहेत, इथे फक्त ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या स्त्रिया, हातात फुलं. रेषा मात्र झरझर काढलेली आहे. एका आकृतीत हाताची आधीची रेषा पुसून दुसरी काढल्याचं दिसतं. आरशाच्या भिंतीवर शेकडो वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी या स्त्रियांवर सिंहलीत कविता खरडल्या. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या.

वर मोठ्या मधमाश्यांची पोळी आहेत. शांतता राखा अशा पाट्या असतात, त्या मनापासून पाळा. तीव्र अत्तर लावू नका. पोळी उठली तर वाट काही काळ बंद होते. पायथ्याशी हात देऊन वर चढवणारे मदतनीस भेटतात, मग पैसे मागतात. नको असेल तर पहिल्याच पावलाला ठामपणे नाही म्हणा. भारतीय दिसलात की हा रावणाचा महाल असं सांगणारे मार्गदर्शकही भेटतील. लोककथा म्हणून ऐका, पण उत्खननात जे मिळालं आहे ते काश्यपाच्या राजवाड्याचं आणि त्याआधी-नंतरच्या भिक्खूंच्या विहारांचं आहे. नुवारा एलियाजवळचं सीता अम्मन मंदिर आईंना बघायचं असेल तर त्याला स्वतंत्र दोन दिवस लागतील. या बेतात ते कोंबू नका.

सिगिरियानंतर दुपारी विश्रांती, दुसऱ्या दिवशी पोलोन्नरुवा, जाण्याला दीड तास. आधी तलावाकाठच्या संग्रहालयात जा. तिकीटही तिथेच मिळतं, आणि इमारती लाकडी छपरांसह कशा दिसत असतील त्याचे नमुने तिथे मांडले आहेत. ते न बघता गेलात तर बाहेर नुसते खांब आणि जोती दिसतात. मग राजवाड्यापासून उत्तरेकडे सरकत जा. वटदागे, हटदागे, निश्शंक मल्ल राजाचा सव्वाआठ मीटर लांबीचा शिलालेख गल पोत म्हणजे दगडी पोथी, हे सगळं एकाच चौकात आहे आणि तिथे चप्पल काढावी लागते. तो चौक नऊच्या आत उरका. जवळचं दुसऱ्या क्रमांकाचं शिवदेवालय चोळांनी बांधलेलं, राजराजाची राणी वानवन महादेवी हिच्या नावाचं. अजूनही तिथे पूजा होते.

गल विहार शेवटी, किंवा दुपारी मुक्कामी येऊन साडेचारला पुन्हा गेलात तर उत्तम. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाच्या काळी एकाच कातळातून कोरलेल्या चार मूर्ती आहेत. पहुडलेली १४ मीटर, उभी ७ मीटर. पहुडलेल्या बुद्धाच्या पायांजवळ जा. दोन्ही पावलं एकावर एक तंतोतंत जुळत नाहीत, वरचं किंचित मागे सरकलेलं आहे. ही झोप नव्हे, परिनिर्वाण, हे शिल्पी त्यातून सांगतो. मग डोक्याशी या. गोल उशीला डोक्याच्या वजनाने खळगा पडला आहे. तो ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात कोरलेला आहे. शिरांच्या नैसर्गिक रेषा चेहऱ्यावरून कशा वळवून घेतल्या आहेत तेही तिथून दिसतं. सगळा पट एकदम बघायचा असेल तर समोरच्या खडकावर बसा.

कँडीकडे निघताना वाटेत दंबुल्ला. सकाळी लवकर, कारण वरच्या अंगणात अनवाणीच फिरायचं आहे. तिकीट पायथ्याशी काढा. वर पोहोचून तिकीट नाही म्हणून खाली पाठवलेले लोक रोज दिसतात. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास, रुंद पण असमान. काठीच्या टोकाला रबर असू द्या. माकडं हातातलं खाणं ओढतात, पिशवी बंद ठेवा. पाच लेण्यांतली बहुतेक चित्रं अठराव्या शतकातल्या कँडी राजवटीत नव्याने रंगवलेली आहेत. अजिंठ्याएवढी जुनी समजून गेलात तर निराश व्हाल. त्याऐवजी दुसऱ्या लेण्याचं छत बघा. कातळाचा जसा फुगवटा तसा रंग पसरला आहे, वर शामियाना ताणल्यासारखा वाटतो.

बाहेर येऊन लेण्यांच्या कपाळाकडे मान वर करा. खडकाच्या कडेला एक आडवी खाच दिसेल. पावसाचं पाणी कातळावरून ओघळत आत येतं. या खाचेपाशी ते तुटतं आणि थेंब होऊन बाहेर पडतं. एवढ्या एका खाचेने गुहा राहण्याजोगी होते. आणि अशा खाचांजवळ लंकेत जागोजागी ब्राह्मीत कोरलेलं असतं की ही गुहा चारी दिशांच्या, आलेल्या आणि येणाऱ्या संघाला दिली. नाशिक आणि कार्ल्याच्या लेखांतही ‘चातुदिस’ भिक्खुसंघ हाच शब्द आहे. कार्ल्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाला हे अक्षर ओळखीचं वाटेल. मिहिंतले आणि सिगिरियाच्या शिळांच्या बागेतही अशा गुहा आहेत.

कँडीत दलदा मालिगाव, म्हणजे बुद्धाचा दात जिथे ठेवला आहे ते दंतधातूचं मंदिर. पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाला होतात. प्रत्यक्ष दात दिसत नाही, स्तूपाच्या आकाराचा करंडा दुरून दिसतो, तोही पूजेच्या वेळी आणि रांगेतून पुढे सरकत. संध्याकाळी गर्दी फार असते, आई-बाबांना पहाटेची पूजा सोयीची. १९९८ च्या बॉम्बस्फोटापासून इथे झडती कडक आहे, पिशव्या कमी न्या. जुलै-ऑगस्टमधल्या एसला पेरहेराच्या, म्हणजे दंतधातूच्या मिरवणुकीच्या, दिवसांत खोल्यांचे भाव कित्येक पट होतात.

दुसरा दिवस शहराबाहेरच्या तीन देवळांना द्या: गडलादेणिय, लंकातिलक आणि एंबेक्के. पहिली दोन १३४४ ची. एंबेक्केच्या लाकडी मंडपात प्रत्येक खांबावर वेगळं कोरीवकाम आहे. हंस, मल्ल, मुलाला पाजणारी आई. पण मान वर करून छताच्या टोकाशी बघा. २६ वासे एका ठिकाणी येतात आणि एकाच भल्यामोठ्या लाकडी खुंटीने धरलेले आहेत. सुताराच्या घरातला कुणी सोबत असेल तर तो इथून हलणार नाही. टूरवाले ही फेरी टाळून मसाल्यांची बाग, रत्नांचं दुकान आणि बाटिकचं दुकान घालतात, कारण तिथे दलाली मिळते. गाडी ठरवतानाच लिहून घ्या: दुकानं नाहीत, चालकाचं जेवण-राहणं भाड्यात, रोजचे किलोमीटर किती, पायरी खालची असलेली गाडी. स्थळांवर मार्गदर्शक हवा असेल तर परवान्याचं ओळखपत्र बघा.

कँडी ते गॉल हा सर्वांत लांब पल्ला, साडेचार-पाच तास. सकाळी सातला निघा, मधे दोनदा थांबा. गॉलच्या किल्ल्यातच मुक्काम करा, म्हणजे संध्याकाळी तटावर चालता येतं. तट सपाट आहे, पण कडेला कठडा नाही. अंधार पडण्याआधी उतरा. जुन्या दरवाजाला बाहेरून ब्रिटिश राजचिन्ह आहे, आतून डच कंपनीचं चिन्ह, वर कोंबडा आणि १६६९ हे साल. सकाळी १७५५ चं डच चर्च बघा, जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. मग जुन्या वखारीतलं सागरी संग्रहालय. वसईचा किल्ला बघितलेल्यांना इथे सर्वांत जास्त हे जाणवेल की आत अजून माणसं राहतात. शाळा, न्यायालय, मशीद, सगळं तटाच्या आत.

जेवणाबद्दल एक गोष्ट, शाकाहारी असाल तर. सुकवलेल्या कुपा माशाचा चुरा, उंबलकड, नारळाच्या संबोलमध्ये (चटणीत) आणि कधीकधी वरण-भाजीतही घालतात आणि ते मांसाहारी समजलं जात नाही. ‘मस माळु एपा’ म्हणजे मांस-मासे नकोत, एवढं पुरत नाही. ‘उंबलकड एपा’ असं वेगळं सांगा. आप्पम, तांदळाच्या शेवया, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण आणि भात यांवर आई-बाबांचं पोट छान राहील.

तिकिटांना मूळ पासपोर्ट सोबत ठेवा. मुख्य पुरातत्त्व स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना परदेशी दरात मोठी सवलत मिळते, साधारण निम्मी, पण मागितल्याशिवाय आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय नाही. तिकीट खिडकीवर आधी पासपोर्ट ठेवा, मग पैसे काढा.

कोलंबोचं राष्ट्रीय संग्रहालय मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. १८७७ मध्ये गव्हर्नर विल्यम ग्रेगरी यांच्या काळात ते उघडलं. सुरुवातीलाच गेलात तर मूर्तींची रांग वाटते. आता दारातच अनुराधापूरची तोलुविलची बसलेली बुद्धमूर्ती भेटेल आणि पाटी न वाचता ओळखू येईल. तळमजल्याची दालनं काळानुसार आहेत. दोन-अडीच तास ठेवा. पोलोन्नरुवाच्या कांस्य मूर्तींत नटराज आणि पार्वती आहेत. कँडीच्या शेवटच्या राजाचं सिंहासन आहे, ब्रिटनहून १९३४ मध्ये परत आलेलं. त्या राजाला, श्रीविक्रम राजसिंहाला, वेल्लोरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं आणि १८३२ मध्ये तो तिथेच वारला. नेदरलँड्सने २०२३ मध्ये परत केलेली कँडीची छोटी तोफही आता इथे आहे.

मग गॉलचा त्रैभाषिक शिलालेख शोधा. चिनी दर्यासारंग झेंग ह याने आणवलेला, त्यावर १४०९ ची तारीख आहे. चिनी मजकुरात बुद्धाला दान, तमिळमध्ये विष्णुरूपाला, फारसीत अल्लाहला, आणि तिन्ही दानं जवळपास सारख्याच मोलाची. १९११ मध्ये तो गॉलमध्ये एका मोरीवर झाकण म्हणून पालथा घातलेला सापडला. फारसी बाजू झिजली आहे, चिनी अक्षरं मात्र स्पष्ट आहेत. बाजूने उजेड पडतो तिथून बघा, समोरून नीट दिसत नाहीत.